आभाळ टाळूपासून सुरू होतं

सुनंदा,

तुझा पहिलीचा वर्ग आता माझ्याकडे दिलाय. सोमवारी मी आत गेले तर पोरं उभी राहिली, एका सुरात ‘नमस्ते मॅडम’ म्हणाली आणि मग माझ्या मागे दाराकडे बघत राहिली. तू माझ्यामागून आत येशील असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांना सगळं सांगितलेलं होतं. काहीजण आईबापाचं बोट धरून तुझ्या मातीलाही येऊन गेले होते. तरी बघत राहिली. आणि मीही वळून पाहिलं. इतकी वर्षं आपण एकाच स्कूटीवरून आलो, त्याच फाटकातून आत शिरलो. माझ्या मानेलाच ती सवय लागली आहे.

स्कूटी मी चालवायची आणि तू मागे बसून बोलायचीस. लोणार सोडून सुलतानपूरच्या रस्त्याला लागलो की तुझं सुरू. माझ्या कानावर हेल्मेट, वर वारा, त्यामुळे मला तुझं अर्धंच ऐकू यायचं आणि उरलेलं अर्धं मी मनानं जुळवायचे. तू संग्रामपूरची, सातपुड्याच्या पायथ्याची. मी लोणारची, माझी बोली जालन्याकडे झुकलेली. तुझ्या ‘मले-तुले’वरून मी तुला चिडवायचे. एकदा प्रशिक्षणात पुण्याहून आलेल्या एक बाई तुझं बोलणं ऐकून गालात हसल्या. मला राग आला, तुला नाही. तू शांतपणे म्हणालीस, “हसा मॅडम. पन माह्या पोराईले समजते.” आणि पुढे बोलत राहिलीस.

तुला भिंतीवरचा तो ग्रहमालेचा तक्ता कधीच आवडला नाही. त्यात सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी सगळे गोट्यांसारखे एका ओळीत, एकमेकांना चिकटून बसलेले. तू म्हणायचीस, “हे पाहून पोरं समजतील का आभाळ म्हंजे किराणा दुकान आहे.” मी म्हणायचे, “अगं, पहिलीतली पोरं आहेत, नावं पाठ झाली तरी पुष्कळ.” यावर तू तोंड वाकडं करायचीस. नावं पाठ करून घेणं तुला जमायचंच नाही. तुला वाटायचं, लहान मुलाला आकाश सांगायचं असेल तर आधी त्याचा आ वासला पाहिजे, नावं नंतर आपोआप येतील.

आणि मग रेणुका आली.

गजाननभाऊंची पोरगी. त्यांची मेथी, पालक, वांगी सुलतानपूरच्या बाजारात जायची, तेव्हा आपणही त्यांच्याकडूनच भाजी घ्यायचो. त्यांना मुलगी आहे हे ठाऊक होतं, पण ती जन्मापासून आंधळी आहे हे तू त्यांच्या ओट्यावर तिला पाहिलंस तेव्हा कळलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, भराभर, एकसारख्या. तू तिथेच ठाण मांडलंस. गजाननभाऊ म्हणाले, “मॅडम, तिले शाळेत घालून काय करू? तिले फळाच दिसनार नाई.” तू म्हणालीस, “माह्या वर्गात फळ्याले कोन पाह्यते?”

ती आली आणि पहिल्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसली. दोन वेण्या, तेल लावून चापून बांधलेल्या. तिला गप्प बसवणं अवघड होतं. कुठलाही आवाज झाला की तिला त्याचं कारण हवं असायचं.

ती गोष्ट मी तुझ्याकडूनच ऐकलेली, पण इतक्या वेळा ऐकली की मला वाटतं मीही त्या वर्गात होते. तू पोरांना आपल्या लोणारच्या विवराबद्दल सांगत होतीस. आपल्याकडच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. मावशीच्या घरी जाताना दिसतं, जत्रेला गेलं की दिसतं, खाली पाणी आणि भोवती झाडी. तू म्हणालीस की फार फार पूर्वी वरून एक मोठा दगड पडला आणि एवढा खड्डा झाला. तेव्हा रेणुकानं विचारलं, “मॅडम, तो दगड वरते कोनी ठेवला होता?”

वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू विचारलंस, “वरते म्हंजे कुठं गं?”

तिनं हात वर केला. पुरता ताणला. आणि म्हणाली, “इथलोक. याच्या वरते मले मालूम नाई.”

तू मला स्कूटीवर हे सांगितलंस तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबवली होती. तिच्यासाठी जग हात पोचतो तिथपर्यंत होतं. त्याच्या वर छत असेल, पत्रा असेल, काही नसेलही. आभाळ हा शब्द तिनं हजारदा ऐकला होता आणि तो कशाला म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? आपण बोट दाखवतो आणि मोकळे होतो.

तिनं तुला विचारलं, “आभाळ कुठून सुरू होते?” तू म्हणालीस, तुला उत्तर माहीत नव्हतं, हात आपोआप गेला. तू तिच्या टाळूवर हात ठेवलास, जिथं भांग संपतो तिथं, आणि म्हणालीस, “इथून. जिथं तू संपते, तिथून आभाळ सुरू होते. आनि मंग ते संपतच नाई.”

रेणुका म्हणे बराच वेळ आपल्याच डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. मग बाकीची पोरंही. तू सांगत होतीस, “ज्योते, सगळा वर्ग आपल्या टाळूवर हात ठेवून चूप. असा चूप वर्ग मी जिंदगीत पाह्यला नाई.” त्या दिवशी तुझा आवाज हेल्मेटमधूनही मला सगळाच्या सगळा ऐकू आला.

पण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. ते मिटलं नाही हे तुलाही माहीत आहे.

माझं म्हणणं साधं होतं. या मुलीला ब्रेल यायला हवी. बोटं कोवळी आहेत तोवर. तिला आंधळ्या मुलांच्या निवासी शाळेत घालावं, तिथं शिकलेले शिक्षक असतात, तिथं ती काठी घेऊन एकटी चालायला शिकेल. तू तिला प्रेमानं गोष्टी सांगशील, पण चौथीनंतर तिचं काय? तुझं म्हणणं होतं, पोर सहा वर्षांची आहे, तिला आईच्या कुशीतून उचलून कुठल्या परक्या शहरात नेऊन ठेवायचं? “ती आपल्या गावातली आहे, तिनं गावातल्या पोराईसंगच शिकलं पायजे. आंधळ्याईची वेगळी दुनिया काऊन करता?” मी म्हणाले, “तू तिला ग्रह शिकवतेस, तिला रस्ता ओलांडता येत नाही.” तू म्हणालीस, “रस्ता बी शिकल. पन ग्रह काऊन नाई?” मग लोणार येईपर्यंत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपल्या स्कूटीवर तेवढी शांतता कधीच नव्हती.

त्याच हिवाळ्यात तू पोरांना सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत चालवत न्यायचं ठरवलंस.

शाळेची खिचडी रांधणाऱ्या शांताबाईंच्या स्वयंपाकघरातली मोठी परात म्हणजे सूर्य. ती झेंड्याच्या कट्ट्याला टेकवून उभी केली. परात एवढी, तर पृथ्वी केवढी? ज्वारीचा एक दाणा. हे गणित मी करून दिलं होतं, अबोला असतानाच, एका शब्दाविना. पण गणित कागदावर वेगळं आणि तळहातावर वेगळं. मोहरीएवढा बुध पाण्याच्या नळाजवळ. ज्वारीचाच दुसरा दाणा शुक्र. आणि आपली पृथ्वी पार फाटकाजवळ. तू प्रत्येक पोराला तो दाणा तळहातावर घ्यायला लावलास. “याच्यावर लोणार आहे. याच्यावर मुंबई आहे. समुद्र आहे. तुही माय आता याच्यावर भाकर थापून राह्यली.” पोरं दाण्याकडे बघत होती, श्वास रोखून, जणू जोरात श्वास सोडला तर त्यांची आई उडून जाईल.

चंद्र म्हणजे खसखशीचा कण. तो तू दाण्यापासून वीतभरही दूर ठेवला नाहीस. आणि म्हणालीस, “मानूस आजलोक सगळ्यात दूर गेला तो इथलोक.” मी तेव्हा फाटकाला टेकून उभी होते. मी बीएस्सी केलेली बाई, हे अंतर मीच मोजून दिलेलं. तरी मी वाकून ती वीत पुन्हा मोजली. नंतर आपण ज्या वाटेनं चाललो, गावाबाहेर, तुरीच्या शेतांमधून, ते सगळं त्या एका वितीच्या पलीकडचं होतं.

रेणुकेसाठी तू शाळेच्या टोलाची योजना केली होतीस. कडुलिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा. शांताबाईंना सांगून ठेवलं होतं, आम्ही परत येईस्तोवर थोड्या थोड्या वेळानं एक ठोका. “तुह्यासाठी सूर्य दिसनार नाई, वाजंल,” तू तिला म्हणालीस. मला ती कल्पना गोड वाटली, पण उगाचची. दूर गेल्यावर कुठे ऐकू येणार, असं मनात आलं.

गजाननभाऊही आले होते. पोरगी थकली तर उचलून घ्यायला म्हणून. ते सगळ्यांच्या मागे चालत होते, टोपी हातात घेऊन, देवळात आल्यासारखे.

रस्त्यापलीकडे मंगळ. पाण्याच्या टाकीजवळ गुरू, एक लिंबू. रेणुकानं ते लिंबू दोन्ही हातांत घेतलं, मग आपल्या चिमटीतल्या ज्वारीच्या दाण्याशी ताडून पाहिलं. कितीतरी वेळ. मग म्हणाली, “एवढा मोठा काऊन?” तू म्हणालीस, “कोनालेच पक्कं मालूम नाई.” तिला ते फार आवडलं. पुढची वाटभर ती सगळ्यांना सांगत होती, कोनालेच मालूम नाई, मॅडमले बी नाई.

गावाच्या कडेला शनी. तिथून रस्ता सरळ शाळेपर्यंत दिसत होता. तू पोरांना म्हणालीस, शांताबाईंच्या हाताकडे बघा. लाल लुगडं, वर उठलेला हात, हात खाली आला, आणि टोल मात्र नंतर वाजला. पोरं ओरडली, “मॅडम, हानला आधी, वाजला मंग!” पुन्हा पाहिलं, पुन्हा तसंच. तेव्हा तू वर खऱ्या सूर्याकडे हात केलास. “तिथून ऊन बी असंच येते. आता तुमच्या गालावर जे पडून राह्यलं ना, ते आपन मघा गुरूच्या लिंबापाशी होतो तवा निघालं. तुम्ही जुनं ऊन शेकून राह्यले.”

रेणुकानं गालाला हात लावला. “हे जुनं आहे?”

“हाव.”

“मंग आत्ताचं कुठं आहे?”

“येऊन राह्यलं. वाटेत आहे.”

सुनंदा, मी कॉलेजात प्रकाशाच्या वेगाचे पेपर लिहिले आहेत. ऊन वाटेत असतं हे मला त्या सकाळी कळलं.

युरेनसला पोरं दमली. बोराएवढा युरेनस एका लहानग्यानं खाऊनच टाकला. तुझ्या पदरात आणखी बोरं होती. आणि मग ते टेकाड, तुरीच्या वावरापलीकडचं, नेपच्यून. तिथं तू सगळ्यांना उलटं वळवलंस आणि विचारलंस, सूर्य कुठं आहे?

कुणालाच सापडेना. झाडं आडवी आली होती, शाळा दिसत नव्हती, परात तर नाहीच. देवळाच्या शिखराचं टोक तेवढं दिसत होतं. पोरं टाचा उंचावत होती. एकजण रडवेला झाला, “सूर्य हरपला मॅडम.” मलाही तो टेकडीवरचा गार वारा एकदम वेगळा वाटायला लागला. आपण खरंच फार लांब आलोय असं वाटलं.

रेणुका म्हणाली, “चूप राहा ना.”

सगळे चूप झाले.

“वाजला,” ती म्हणाली.

आपल्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं बोट दाखवलं, नेमकं शाळेच्या दिशेला. “तिकडं आहे सूर्य. थांबा, आनखी वाजंल.” आपण थांबलो. पोरं तोंडं उघडी टाकून, श्वास थांबवून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि मग आला. बारीक, जणू कुणी दूर नखानं वाटी वाजवावी एवढाच. पण आला. सगळ्यांना आला. एक पोरगी हळूच म्हणाली, “इथलोक येते गं.” कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसतही नव्हतीस.

मग गजाननभाऊंनी विचारलं, “मॅडम, याच्या पुढं काय आहे?”

तू सांगितलंस की पुढं दुसरा तारा, म्हणजे दुसरी परात. ती कुठे ठेवावी लागेल? तू माझ्याकडे पाहिलंस. अबोला सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदाच तुझ्याशी बोलले. म्हणाले, “समुद्रापलीकडे. थेट अमेरिकेत. त्याच्याही पुढे.”

“आनि मधात?”

“मधात काहीच नाही, भाऊ.”

ते टेकाडावर उभे राहून समोर बघत राहिले. रोजचीच शेतं, रोजचाच डांबरी रस्ता. मग म्हणाले, “मंग तर आपन लय एकले आहो.” तू प्रत्येकाला उत्तर देणारी बाई. तू नुसती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस.

परत येताना त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं. शाळा जवळ आली तेव्हा ते आपल्या दोघींना म्हणाले, “हिले शिकवा. कुठंबी शिकवा, पन शिकवा.” झालं. त्या ‘कुठंबी’चा अर्थ तू तुझ्यासारखा लावलास आणि मी माझ्यासारखा. त्याच संध्याकाळी स्कूटीवर पुन्हा भांडलो. पण ते बोलून भांडलो.

ग्रहांची ती वाट मग आपण दर हिवाळ्यात नव्या पोरांना घेऊन चाललो. शेवटी रेणुका चौथीपर्यंत आपल्याकडे राहिली आणि मग निवासी शाळेत गेली. तू म्हणालीस, “जितली तू.” मी म्हणाले, “तूही जिंकलीस की, चार वर्षं.” ती गेली त्या दिवशी तू तिच्या बाकावर बसून डबा खाल्लास. मला वाटतं, अजूनही वाटतं, की तिला आधीच पाठवायला हवं होतं. तिला ब्रेल पकडायला जड गेली, पहिलं वर्ष ती मागे पडली. आणि मला हेही वाटतं, की ती आधी गेली असती तर त्या टेकाडावर आपल्याला सूर्य कुणी शोधून दिला असता? ही दोन्ही वाक्यं माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत. मला ती तुझ्यासमोर एकत्र मांडायची होती. दरवेळी त्यातलं एकच तोंडातून निघायचं, भांडणापुरतं.

तू आजारी पडलीस त्याविषयी मी लिहिणार नाही. दवाखान्यातली ती शेवटची दुपार तेवढी. तुला बोलताना धाप लागत होती. मी म्हटलं, गप्प पड. तू म्हणालीस, “ज्योते, लिंबाले कुंकवाचा टिळा लावाचा राह्यला.” मला वाटलं, तुला भ्रम झाला. तू हसलीस. “अवं, गुरूवर लाल डाग असते ना. दर साली इसरतो आपन.” मी म्हटलं, यंदा लावू. तू म्हणालीस, “लाव.” ‘लावू’ म्हणाली नाहीस. मला ते घरी आल्यावर समजलं.

मला तुला सांगायचं होतं की मी विज्ञान शिकले ते कॉलेजात, पण थक्क व्हायला तुझ्याकडे शिकले. इतकं सरळ वाक्य, पण समोर असताना कसं बोलणार? तू म्हणाली असतीस, “काय बे, सिनेमातल्यासारखं बोलून राह्यली.”

काल रेणुका आली होती. तिच्या शाळेला सुट्टी आहे. उंच झाली आहे, एकच वेणी घालते आता. काठी टेकत एकटी फाटकातून आत आली आणि गजाननभाऊ मुद्दाम बाहेरच थांबले. तिनं तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. “वर्गात बसू का?” म्हणाली. पोरांनी तिला घेरलं. त्यांतल्या सगळ्यात लहान पोरीनं, बेबीनं, भीडभाड न ठेवता विचारलं, “ताई, तुले दिवस-रात्र कसे समजतात?”

रेणुका म्हणाली, “चला, दाखवते.”

तिनं सगळ्यांना मैदानात नेलं, सकाळच्या उन्हात. एकेकाला हातभर अंतरावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, पाठ उन्हाकडे. म्हणाली, “ही रात्र. आता हळूहळू डाव्या हाताकडे वळा. डाव्या गालाले गरम लागलं का? सकाळ झाली. नाकाले लागलं? दुपार. आता उजवा गाल. दिवस बुडून राह्यला.” पोरं डोळे मिटून वळत होती, हसत होती, एकमेकांवर आदळत होती. ती म्हणाली, “सूर्य हालला का? नाई. तो तिथंच आहे. तुम्ही फिरले. रोज असंच होते.” हे तिला तू शिकवलंस की तिच्या शाळेत शिकवलं, की तिचं तिनं शोधलं, मी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, “आता थांबा. फिरू नका. डोळे मिटलेलेच ठेवा. सगळे अगदी सरळ उभे राहा.”

पोरं उभी राहिली. मैदान शांत झालं. दूर कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

“आता बी आपन फिरूनच राह्यलो,” ती हळू आवाजात म्हणाली. “ही सगळी शाळा फिरून राह्यली. कडुलिंब बी. घरी मायबाप बी. कोनीच थांबेल नाई.”

कुणी हललं नाही. बेबीच्या कपाळाला आठ्या पडल्या, तिनं ओठ घट्ट मिटले. मग तिनं दोन्ही पाय फाकवले, हात थोडे बाजूला पसरले, जणू चालत्या बैलगाडीत उभी आहे आणि आता पडायचं नाही. तिच्या शेजारच्यानं डोळे मिटलेलेच असूनही तसंच केलं. मग त्याच्या शेजारच्यानं. माझा सगळा पहिलीचा वर्ग मैदानात पाय रोवून, तोल सांभाळत उभा होता.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. सुनंदा, मीही डोळे मिटले, आणि पाय जरा फाकवून उभी राहिले.